महाराजांना न दिसलेलं बटण

महाराज कोंडले गेले! तेही स्वतःच्याच खलबतखान्यात!

झालं असं, की रणधवल महाराजांनी मोठ्या हौसेनं खलबतखान्याला विजेचं दार बसवून घेतलं होतं. बाहेरून कार्ड दाखवलं की उघडायचं, आतून बटण दाबलं की उघडायचं. कार्ड असायचं दारावरच्या म्हाताऱ्या हैबतीकडे. आतलं बटण मात्र दिवाण अच्युतपंतांनी चौकटीवरच्या कोरीव मोरांच्या गर्दीत असं काही दडवलं, की महाराज एकेका मोराचा डोळा दाबत राहिले. दार ढिम्म! हाका मारल्या, तर हैबती कानानं जड. शेवटी पंत आले, तेव्हा सुटका.

"हैबती, उद्यापासून येऊ नकोस!" महाराज गरजले.

"बरोबर आहे," पंतांनी री ओढली. "दार आपलं आपण उघडतं. मग दारावर माणूस हवाच कशाला?"

हैबतीची लेक सगुणा तेवढ्यात बापाची भाकरी घेऊन आली होती. बापाचा पडलेला चेहरा बघितला आणि तिनं पदर खोचला.

"महाराज, बटण लपलं दिवाणजींचं, आणि घरी बसायचं माझ्या बानं?"

पंत खाकरले. महाराज मात्र हट्टाला पेटले. "एवढं आहे तर तूच निवड बटण! चिंचोक्याएवढं असावं. माझ्या चौकटीवर दिसता कामा नये. बाण नको, पाटी नको, दिवा नको. आणि तरी कुणी न सांगता मला सापडलं पाहिजे! सापडलं तर हैबती राहील. नाही तर घरी!"

"दिसायचं नाही, पण सापडायचं?"

"हो!"

"आणि महाराज शोधणार तरी का?"

"छट्! मी काय भिंती चाचपडत फिरू? एकदा फिरलो तेवढं पुरे!"

पंत मिशीतल्या मिशीत हसले. हैबतीनं कपाळाला हात लावला. सगुणा म्हणाली, "मग मला एक करू द्या. आजची बैठक उठेपर्यंत दाराशी, आतल्या बाजूला बसू द्या."

"बस की! बसायला काय लागतं?"

आता त्या खलबतखान्याचा एक रिवाज होता. आत पांढरीशुभ्र बैठक अंथरलेली, म्हणून जोडे काढायचे. पण ते बाहेर ठेवायचे नाहीत, दाराच्या आतच, चौकटीला लागून ठेवायचे. कारण राणीसाहेबांचं लाडकं कुत्रं, झिपऱ्या! बाहेर जोडा दिसला रे दिसला की पळवलाच. पंतांचा एक जोडा तर अजून सापडायचा आहे.

बैठक झाली. सरदार उठले, मानकरी उठले, आपापले जोडे चढवले आणि गेले. सगुणा गालावर हात ठेवून नुसती बघत होती. सगळे गेल्यावर ती उठली नि म्हणाली, "दिवाणजी, बटणं दाखवा."

पंतांनी तबक पुढे केलं. एक बटण भाकरीएवढं, लालभडक. एक काजव्यासारखं लुकलुकणारं. एक इतकं ताठ, की दाबायला पैलवान लागावा. सगुणानं ती सगळी बाजूला सारली आणि कोपऱ्यातलं सगळ्यात बारकं, चपटं, सागवानी रंगाचं बटण उचललं. डोळे मिटले आणि तळहातानं हलकेच दाबून पाहिलं.

"अगं वेडे, बटण बोटानं दाबतात!"

"तुम्ही खुशाल बोटानं दाबा, दिवाणजी. सापडलं तर!"

मग तिनं वीजवाल्या मिस्त्रीला बोलावलं, दाराला पडदा लावला आणि बटण बसवून घेतलं. जुनं काढून टाकायला लावलं. कुठे बसवलं ते मिस्त्री जाणे आणि ती जाणे.

दुसऱ्या दिवशी महाराज आले. बरोबर पंत आणि सगुणा. दार मिटलं. बाहेर स्टुलावर हैबती देवाचं नाव घेत बसला.

महाराज गादीवर रेलले. चौकट खालपासून वरपर्यंत न्याहाळली. मोर दिसले, वेली दिसल्या, बटण नाही! पंत मात्र चौकटीशी जाऊन खांद्याच्या उंचीवर बोटानं टोचत सुटले. हा मोर टोच, तो मोर टोच!

"पंत, मोरांना गुदगुल्या करताय का?" महाराज खेकसले.

बराच वेळ गेला. महाराजांना भूक लागली.

"पोरी, हरलीस तू! दिसत नाही हे खरं, पण सापडतही नाही!"

"असेल महाराज, चुकलं माझं," सगुणा मान खाली घालून म्हणाली. "आता दार बडवून बाला बोलावते, तो कार्डानं उघडेल. आपण जोडे घाला. जेवण निवतंय."

महाराज तणतणत उठले. दाराशी आले. जरीचा चढाव जोडा नवा, करकरीत, टाच काही आत जाईना. महाराज एका पायावर उभे राहिले, वाकले, एका हातानं चढावाची टाच ओढली आणि दुसऱ्या हातानं आधाराला चौकट धरली.

टिक्!

दार सताड उघडलं! समोर हैबती मुजऱ्याला वाकलेला. आणि महाराज तसेच, एक पाय जोड्यात, एक पाय अधांतरी!

"हे... हे कुणी उघडलं?"

"आपणच, महाराज! हात काढून बघा."

महाराजांनी हात उचलला. कमरेच्या उंचीवर, वेलीच्या पानाआड, चिंचोक्याएवढं बटण!

"मला इथं हात ठेवायला सांगितलं कुणी?"

"आपल्या चढावानं! काल सगळ्या मानकऱ्यांनाही त्यांच्या जोड्यांनीच सांगितलं. दिवाणजींनी तर चौकट दोन्ही हातांनी धरली होती! एका पायावर उभं राहिलं की हात आधार शोधतोच, महाराज. मुकुट घातला म्हणून तोल थोडाच सांभाळला जातो?"

महाराज असे खदखदून हसले, की पुन्हा तोल गेला, पुन्हा चौकट धरली, पुन्हा टिक्!

"पण महाराज," पंत पुटपुटले, "आता दार खरंच आपलं आपण उघडतं. मग हैबती करणार काय?"

सगुणानं उत्तर द्यायच्या आतच उघड्या दारातून एक झिपरं वादळ शिरलं, पंतांचा जोडा तोंडात धरला आणि पसार झालं!

"अरे, माझा जोडा! पकडा! हैबती, पकड त्याला!"

हैबती कधीच धावला होता.

"दिवाणजी," सगुणा म्हणाली, "झिपऱ्याला थांबवायचं बटण आहे का तबकात?"

महाराज हसून हसून उंबऱ्यावरच बसले. डोळे पुसत म्हणाले, "हैबतीची नोकरी कायम! स्टूल काढा, त्याला पाठीची खुर्ची द्या! आणि ह्या पोरीला माझ्यासारखेच जरीचे चढाव करून द्या. पंत, तुम्ही आज अनवाणी जेवायला चला!"