कॅरिअरवरची फेरी

सभापती खर्डेकर आपली जुनी जीप एका वडापवाल्याला, म्हणजे गावोगावच्या प्रवाशांची खासगी ने-आण करणाऱ्याला, विकणार होते. बाजारादिवशी वडापच्या छतावरच्या सामानाच्या कॅरिअरवरही माणसं बसतात, आणि या जीपचा छताचा पत्रा नेमका कॅरिअरच्या बोल्टांपाशी गंजून फाटलेला.

गॅरेजवाली शकीला म्हणाली, "नवा पत्रा वेल्ड करावा लागेल."

"फाटलंय तिथे लांबीचा लगदा भर, वरून रंग मार," सभापती म्हणाले. "छतावरचं कोण बघतंय? नाहीतर गॅरेजला टाळं लावीन."

शकीलाने लांबी भरली, रंग मारला, कॅरिअर बसवलं आणि जीपला शिडी लावली.

"ही कशाला?"

"आमच्या गॅरेजची रीत आहे. कॅरिअर बसवलं की मालकाने वर बसून घाटापर्यंत फेरी मारायची. चढा, मी चालवते."

सभापती दोन पावलं मागे सरले. "अगं, उखडलं तर मी मरेन की."

"मग बाजाराची माणसं काय अमर आहेत, साहेब?" असं म्हणून शकीलाने लांबी खरवडायला घेतली.