मिश्रीची डबी

“हे ऑपरेशन कोण करणार?”

“मी, मॅडम.” प्रश्न पुरता संपायच्या आतच गार्गीचं उत्तर आलं.

डॉ. शिरगुप्पेबाईंनी चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. चाळीस वर्षं लोकांची कातडी शिवत आलेल्या या बाईंना घाई कशी ती ठाऊकच नव्हती.

“बरं... आणि जखम कोण भरणार?”

गार्गीला हसू आलं. सुवर्णपदक गळ्यात पडलेल्या मुलीला असले प्रश्न पोरखेळ वाटायचे. तिनं फाईल पुढे सरकवली.

मालन खोत, वय शेहेचाळीस. सांगलीकडच्या एका खानावळीत रोज दीडशे भाकऱ्या थापायची. छातीच्या ओझ्यानं तिची मान आणि पाठ कामातून गेली होती. खांद्यांवर पट्ट्यांचे खोल वळ पडले होते, आणि स्तनांखालची कातडी बारा महिने ओली नि सोललेली असायची. उद्या ते ओझं कापून कमी करायचं होतं. स्वतःच्या हातानं करायचं गार्गीचं हे पहिलंच मोठं ऑपरेशन.

“जखम बिघडायची जेवढी कारणं पुस्तकात आहेत, तेवढी सगळी तपासलीत,” गार्गी म्हणाली. “वजन नऊ किलो उतरवलं. साखर तीन महिने ताब्यात आहे. रक्तदाब ठीक. रक्त पातळ करायच्या गोळ्या नाहीत. बिडी नाही, तंबाखू नाही. सहा पानं आहेत, मॅडम.”

“तंबाखू नाही?”

“मी स्वतः विचारलंय. तीनदा.”

गार्गी ज्यावर गाठींचा सराव करायची, तो टाक्यांचा दोरा टेबलावर पडला होता. बाईंनी तो उचलला, गार्गीच्या डाव्या हाताच्या बोटाला दोन वेढे दिले आणि गाठ आवळली.

“मॅडम?”

“राहू दे. चल, तिला भेटू.”

वॉर्डात मालन खाटेवर पाय खाली सोडून बसली होती. दोघींना बघून तिनं पदर सावरला. फार दिवसांनी तिच्या तोंडावर उजेड होता.

बाई तिच्याशेजारी खाटेवरच टेकल्या. “मालनताई, सकाळी उठल्यावर पहिलं काय करता?”

“पयलं? मिश्री लावती की, बाई. मग च्या. मिश्री लावल्याबिगर पोटच साफ हुत न्हाई.” आणि तिनं उशीखालून पितळेची छोटी डबी काढून मोठ्या कौतुकानं दाखवली. डबी काठोकाठ भरलेली होती.

गार्गीचं तोंड उतरलं.

“अहो, मी तुम्हाला तंबाखूचं विचारलं होतं ना?” ती जवळजवळ ओरडलीच.

“तंबाखू कुटं खाती मी?” मालन दुखावली. “तंबाखू बापय खात्यात. ही भाजून कुटल्याली मिश्री हाय. दातास्नी लावायची.”

भाजून कुटलेली झाली तरी ती तंबाखूच. पण गार्गीच्या घरात आजीपासून सगळ्यांची टूथपेस्ट, तिला हे सुचायचं कसं?

“खोटं सांगितलं यांनी,” ती बाईंच्या कानाशी पुटपुटली.

“नाही. उत्तर खरंच होतं. प्रश्न तुझ्या घरचा होता.”

गार्गीनं हातातली फाईल मिटली.

“उद्याचं ऑपरेशन होणार नाही,” बाई म्हणाल्या.

“मॅडम, ही एकदा परत गेली तर पुन्हा यायची नाही! इथवर यायला आठ वर्षं लागलीत तिला.” यात गार्गीचा स्वतःचा हट्ट होताच. पण निम्मी कळकळ मालनसाठी होती, हेही खरं.

मालन तर उठूनच उभी राहिली. “मी न्हाई जायची! जावा फिदीफिदी हसत्यात. सासूला तोंड दिऊन, माझी परात दुसरीच्या हाती सोपवून आलीया. वाकून वाकून मान मोडली माझी. उद्या कापा म्हंजे कापा!”

तेवढ्यात मालनची नजर गार्गीच्या हातावर गेली. “अगं बया! बोट काळंनिळं पडलं की तुमचं!”

रागबिग विसरून तिनं तो हात ओढून घेतला, नखानं गाठ उकलली आणि बोट चोळायला लागली. गार्गीनं ओठ चावला. हळूहळू बोटावर लाली परतली. दोऱ्याचा वळ तेवढा राहिला.

“कापल्यावर स्तनाचं टोक मांसाच्या एवढ्याशा पट्टीवर जगायचं असतं,” बाई म्हणाल्या. “त्या पट्टीतून रक्त पोचलं तर ते जगतं. मिश्री आतून असाच दोरा आवळते, मालनताई. तो काही मला नखानं सोडवता येत नाही.”

“आन् रगत न्हाई पोचलं तर?”

“काळं पडेल. शिवण उसवेल. जखम महिनोन्महिने भरायची नाही.”

मालन आपल्या बोटांकडे बघत राहिली. उजव्या तर्जनीचं टोक मिश्रीनं काळपट झालं होतं.

“किती दिस थांबायचं?”

“सहा आठवडे. एक चिमूटसुद्धा नाही. आणि नंतरही नाही.”

“पोटाचं काय?”

“त्याचं औषध माझ्याकडे आहे.”

मालननं दात आवळले. “येती. पोट फुगून नगारा हुईना का, सा आठवड्यांनी येतीच!” तिनं डबी गार्गीच्या हातात कोंबली. “घ्या. फेकून द्या ही ब्याद.”

गार्गी कचऱ्याच्या डब्याकडे वळली. बाईंनी वाटेतच तिच्या हातातून डबी घेतली. ती तशीच, भरलेली, पुन्हा मालनच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं मिटवली.

मालननं बाईंकडे पाहिलं. मग डबी कनवटीला खोचली.

“बरं,” ती म्हणाली. “हितंच ऱ्हाईल. झाकाण न उघडता.”

बाहेर व्हरांड्यात आल्यावर गार्गीला राहवेना. “मॅडम, भरलेली डबी तिच्याकडेच परत दिलीत?”

बाई चालत राहिल्या.

“बरं, सहा आठवड्यांनी... ऑपरेशन मीच करायचं ना?”

बाई थांबल्या. गार्गीच्या बोटावरचा वळ त्यांनी अंगठ्यानं एकदा चोळला.

“जखम ती भरेल. उरलेलं तू कर.”