पाहुण्याची गाठ

एका राज्यात राजे उंच होते आणि दारं ठेंगणी होती. राजवाडा बांधणारा पहिला राजा बुटका, त्याने आपल्या बेताने चौकटी बसवल्या आणि सुखाने मरून गेला. मागून आलेले सगळे राजे वाकून आत शिरले, वाकून बाहेर पडले आणि वाकायला विसरले की कपाळावर टेंगूळ घेऊन सिंहासनावर बसले. अरिंजय राजा तर त्या सगळ्यांहून उंच. लहानपणापासून दार दिसलं की तो डोळे मिटायचा, मान खाली घालायचा, खांदे आखडून घ्यायचा. रणात वाघ आणि दारात चोर, हे त्याच्या मनाला फार लागलं होतं.

शेवटी त्याने ठरवलं, घर बांधायचं ते आपल्या मापाचं.

त्या राज्यात घर बांधायची एक रीत होती. पाया खणण्याआधी गवंडी सुताची लांब दोरी घेई, घरात राहणाऱ्या प्रत्येकाला भिंतीशी उभं करी आणि ज्याच्या त्याच्या उंचीवर गाठ मारी. म्हाताऱ्यांची गाठ, पोरांची गाठ आणि सगळ्यांत शेवटी एक सैल गाठ, अजून न आलेल्या पाहुण्याची. दोरी उंबऱ्याखाली पुरली म्हणजे घराला आपली माणसं ओळखू येत.

राजाने कालघट नावाच्या मांत्रिक गवंड्याला बोलावलं. कालघटाने हाक मारली की खाणीतले दगड आपल्या पायांनी चालत येत. त्याने राजाच्या उंचीवर गाठ मारली आणि राणी शालवतीकडे व तिच्या कडेवरच्या लेकीकडे, कुमुदाकडे पाहिलं.

"घर माझं आहे," राजा म्हणाला. "गाठ एकच."

"पाहुण्याची?"

"एकच."

कालघटाने मान डोलावली. मालकाशी वाद घालणं हा त्याचा धंदा नव्हता. राणीच्या ओठांवर शब्द आला होता, पण नवऱ्याच्या आनंदावर विरजण कशाला घाला म्हणून तिने तो गिळला. तिने तेव्हा बोलायला हवं होतं, हे आता सांगून काय उपयोग?

खोटं कशाला बोलू, घर झालं मात्र देखणं. पायरी राजाच्या पावलाखाली आपसूक येई. तो जिकडे बघे तिकडे खिडकी होई. त्याची झोप पुरी झाली की उन्हाची तिरीप उशीवर पडे, त्याआधी नाही. दारातून तो उघड्या डोळ्यांनी चाले. त्याचं कपाळ बरं झालं, पाठ सरळ झाली, तो गडगडाटी हसू लागला. लग्नापासून राणीने त्याला इतकं खुशीत पाहिलं नव्हतं. तीही सुखावली.

वास्तुशांतीच्या दिवशी नव्या घरात जपून बोलायचं असतं, हे पोरासोरांनाही ठाऊक. जमिनीखाली वास्तुपुरुष पडून असतो आणि कानावर येईल त्याला तथास्तु म्हणतो. पण राजाला आनंदाचं भरतं आलं होतं. हात जोडून तो म्हणाला, "या छपराखाली सगळं माझ्या मापाचं असू दे."

फरशीखालून आवाज आला, "तथास्तु." मंडळींनी शुभशकुन मानला आणि पानं मांडली.

पहिली गेली गोदाक्का. राजाला तिनेच वाढवलं होतं, वयाने ती कमरेत पार वाकली होती. एके सकाळी ती बिछान्यात मेलेली सापडली, छडीसारखी सरळ आणि राजाएवढी लांब. राजा रडला आणि वय झालं होतं म्हणाला.

मग कुमुदाचे घोटे परकराबाहेर आले. तिच्या बांगड्या मनगटावरून गळून पडू लागल्या. कातडी ताणली, हाडं करकरू लागली. राणीचीही हाडं दुखत, पण पोर कोवळी, तिला ओढ जास्त. राणीने तिला जुन्या राजवाड्यात नेलं, तरी ओढ थांबेना, म्हणून परत आणलं. छपराखाली एकदा झोपलेलं माणूस घराच्या हिशेबात आलं होतं. डोकं राजाच्या गाठीला टेकलं की तिचंही गोदाक्कासारखं होणार, हे राणीला कुणी सांगायला नको होतं.

विहिरीवरच्या बाभळीत एक सुगरण पक्षी राही. नर अर्धंच घरटं विणून थांबला होता. राणी खाली उभी राहिली तसा तो माणसासारखा बोलला.

"मी अर्धं विणतो आणि थांबतो. मादी येते, पारखते, नापसंत पडलं तर मी ते सोडून देतो. राणी, तुला कुणी विचारलं होतं?"

"नाही."

"मग तीन कामं कर. भिंत सरळ आहे का बघायचा कालघटाचा ओळंबा आण. तो जिथे डोलायचा थांबेल तिथे खण आणि दोरी काढ, पण खणताना अक्षर बोलू नकोस, खाली ऐकणारा आहे. आणि गाठ ज्याची त्यानेच सोडायची. गाठीबरोबर त्याचा श्वासही सुटेल."

राणी कालघटाकडे गेली. त्याला घर नव्हतं, तो माळावर दगडाला टेकून बसला होता. "मी बांधलेल्या कुठल्याच घरात मला झोप आली नाही," तो म्हणाला. "तुझी दे. जन्माची." राणीने दिली. ओळंबा हातात पडला तेव्हा तिचे डोळे कोरडे झाले आणि पुन्हा कधी जडावले नाहीत. कालघट मात्र तिथेच लवंडून घोरू लागला.

ओळंबा उंबऱ्यावर थांबला. राणी हातांनी खणू लागली. नखं उचकटली, बोटं सोलली. खालून आवाज विचारी, "काय हवं? बोल, देतो." ती गप्प राहिली. मग आतल्या खोलीतून कुमुदा कळवळून हाका मारू लागली, आई, आई. राणीने पदराचा बोळा दातांत धरला आणि खणत राहिली. आईला याहून अवघड काम कुणी सांगू नये.

दोरी निघाली. तिने ती राजापुढे ठेवली आणि पक्ष्याचं बोलणं सांगितलं.

राजाने भिंतीवरून हात फिरवला. "राणी, जन्मभर मान तुकवली," तो म्हणाला. "आत्ता कुठे ताठ उभा राहिलो." आणि त्याने दोरी बाजूला सारली.

राणीला त्याचा असा संताप आला की त्याच्या तोंडाकडे पाहवेना. ती लेकीला आणायला वळली, पण कुमुदा भिंतीला धरत स्वतःच येत होती, वेताच्या काठीसारखी लांब, झोकांड्या खात. दाराशी आली. चौकटीकडे एकदा पाहिलं. मग तिने डोळे मिटले, मान खाली घातली आणि खांदे आखडून घेतले.

राजाने ते पाहिलं. ती लकब त्याचीच होती.

"कुमुदा, या दारात वाकायचं नसतं," तो म्हणाला.

"वाकावं लागतं, बाबा. दार तुमच्या मापाचं आहे."

राजाने दोरी उचलली. गाठ घट्ट होती, पण त्याने दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. गाठ सुटली तसा तो भिंतीला टेकून हळूहळू खाली बसला आणि बसल्या जागीच गेला. दगड एकेक करून उठले आणि आल्या वाटेने खाणीकडे चालत निघाले. उघड्या माळावर राणी उरली. मांडीवर कुमुदा, पुन्हा पहिल्याएवढी, आणि शेजारी राजा.

सुतक फिटल्यावर राणीने गावातल्या साध्या गवंड्याकडून घर बांधायला घेतलं. रीतीप्रमाणे दोरी ताणली. राणीची गाठ झाली, कुमुदाची झाली, दासदासींची झाली. शेवटी गवंडी पाहुण्याची सैल गाठ मारू लागला, तेव्हा कुमुदाने त्याचा हात धरला.

"उंच," ती म्हणाली. "अजून उंच."

एवढा उंच पाहुणा कोण यायचा आहे, असं गवंड्याने हसत विचारलं. राणी म्हणाली, "ती सांगते तिथे मार."

तेव्हापासून त्या राज्यात दारं माणसांहून उंच असतात. राणीला झोप नाही, ती दिवा लावून उंबऱ्याशी बसून असते. तो आला, तर त्याला वाकावं लागणार नाही.