तळगव्हाणच्या भिंतीतली मोकळी जागा

तळगव्हाणच्या वेशीबाहेर ही जी भिंत उभी आहे, तिच्या दोन्ही टोकांना आता काही उरलेलं नाही. दरवाजा नाही, बुरूज नाही. साठ पावलं लांब, दोन पुरुष उंच, आणि सगळी माती. तुम्ही हातानं मातीचं घर बांधायला शिकताय, म्हणून तुम्हाला इथे आणतात. येणारा प्रत्येक जण भिंतीला नखानं टोकरतो, माती निघत नाही म्हणून मान डोलावतो, आणि मग त्याला मधली पोकळी दिसते. एक बाई ताठ उभी राहील एवढी. देवीचा कोनाडा आहे का, असं सगळेच विचारतात. नाही. तिथे शेंदूर लावत नाहीत, नारळ फोडत नाहीत. कोणी ठेवलाच, तर गावातल्या बाया तो उचलून ओढ्यात फेकतात.

पारावरच्या म्हाताऱ्यांना विचाराल तर ते सांगतील, भिवराआईनं गावासाठी राजीखुशीनं देह ठेवला. ऐकून घ्या, चहा पाजतील तो प्या. मी ही गोष्ट बायांकडून ऐकली तशी सांगतो.

फार मागची गोष्ट. दोन सुगींत दोनदा पेंढारी आले आणि गाव लुटून गेले. तेव्हा गावाभोवती भिंत घालायचं ठरलं, सुरुवात वेशीच्या बाजूनं. दगड आठ कोसांवर, चुना गावाच्या ऐपतीबाहेरचा. पायाखाली होती ती माती. गावाचे पंच पाच, सगळे साठीपुढचे, आणि त्यांचा म्होरक्या सटवाजी पाटील. पंचांनी हुकूम सोडला, ओढ्याकाठची काळी माती उचला, आज कालवा, आजच चढवा.

काळी माती शेताची असते. पाण्यात फुगते, उन्हात भेगाळते. घराला पांढरी लागते, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. गावामागे पांढरीची आख्खी टेकडी होती, पण पंच म्हणाले, जुनं गाव तिथे गाडलंय, पूर्वजांची हाडं आहेत, हात लावायचा नाही. मेलेल्यांच्या हाडांची एवढी काळजी असलेल्या माणसांनी जित्या बाईचं काय केलं, ते आता ऐका.

भिंत पडली. पुन्हा बांधली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा पडली ती एका बैलजोडीवर.

त्या टेकडीच्या पायथ्याशी भिवरा राहायची. बेलदाराची बायको, नवरा पटकीनं गेलेला, पदरात आठ वर्षांची सोनी. तिनं आपलं घर एकटीनं उभं केलं होतं. टेकडीवरून वाहून आलेली पांढरी माती, बारीक चिरलेलं गव्हाचं काड, शेण. हे सगळं खड्ड्यात एकवीस दिवस भिजत घालायचं, रोज पायानं तुडवायचं, आंबूस वास सुटून काड मऊ पडलं की गारा तयार. मग दिवसाला एक वीत भिंत, जास्त नाही. खालचा थर वाळल्याशिवाय वरचा नाही. तीन पावसाळे त्या घराला चीर गेली नव्हती.

भिवरा चावडीवर गेली आणि म्हणाली, "पाटील, माती चुकली तुमची. आन् घाई चुकली."

पाटील म्हणाला, "तुझ्या खोपटात काय पुरलंस, ते सांग आधी."

"काड."

"काड न्हाई विचारलं. जीव कुणाचा घातलास?"

भिवरा हसली, म्हणे. तेवढं हसणं तिला भोवलं. पंचांनी तिच्या घराची एक भिंत फोडून पाहिली. आतून काड निघालं, हाड निघालं नाही. हे डोळ्यांनी पाहून ते चावडीवर परत आले आणि म्हणाले, खोपटाला काड पुरतं, गावकुसाला माणूस लागतं. आणि माती हिचंच ऐकते, तर हीच आत उभी राहील. ही नसेल तर हिची पोर.

पाच म्हातारे. पाचांपैकी एकानंही जन्मात गारा तुडवला नव्हता.

भिवरा रडली नाही, असं सांगतात. ती म्हणाली, "मी उभी ऱ्हाते. पर गारा माझा, पांढरीचा. एकवीस दिस भिजंल, दिसाला वीतच चढंल. आन् माझी सोनी तुडवायला माझ्यासंगं ऱ्हाईल." पंचांनी मान डोलावली. त्यांना वाटलं, हळू काय नि भरभर काय, शेवटी आतच जायची आहे.

एकवीस दिवस ती स्वतःसाठीचा गारा तुडवत होती. सोनीला शिकवलं, गावातल्या बायांना शिकवलं. बाविसाव्या दिवशी ती भिंतीच्या पायावर जाऊन उभी राहिली. साठ पावलं लांब थर पडला आणि मधोमध तिच्या पोटऱ्यांपर्यंत माती आली. संध्याकाळी बायांनी तिला उभ्या उभ्या भाकरी भरवली. दुसऱ्या दिवशी गुडघे, तिसऱ्या दिवशी मांड्या. आणि ही बाई भिंतीतून ओरडून काम करवून घेत होती! "ए गंगू, कोपरा दाब की! सासूचं त्वांड समज आन् दाब!" बाया हसायच्या आणि हसता हसता पदरानं डोळे पुसायच्या.

पाचव्या दिवशी माती छातीला लागली आणि दुपारी वळीव कोसळला. गारपिटीचा. जुन्या काळ्या भिंतीचे उरलेले ढिगारे वाहून गेले. चावडीची एक बाजू बसली. नवी भिंत वरवर ओली झाली, बाकी जागची हलली नाही. आणि तिच्यात भिवरा, निथळत, गारांनी कपाळ फुटलेलं, पण जिवंत.

"पाटील," ती म्हणाली, "बगा. भिंत उभी हाय. आन् मी जिती हाय. आता काढा मला."

सगळ्यांना कळलं. लहान पोरांनाही कळलं. माणूस मेलेलं नव्हतं आणि भिंत उभी होती. याहून सरळ कसं सांगायचं?

सटवाजी पाटलानं बसलेल्या चावडीकडे पाहिलं. मग म्हणाला, "आता काढली तर पोरं म्हणतील, म्हातारे चुकले. वीत चढवा."

बाया खड्ड्यातून बाहेर आल्या. एकीनंही घमेलं उचललं नाही. तेव्हा पाटलाच्या माणसांनी सोनीला ओलीस म्हणून चावडीत नेऊन बसवलं आणि पाचही म्हाताऱ्यांनी धोतरं खोचली. ज्यांनी कधी मातीला हात लावला नव्हता, ते खड्ड्यात उतरले आणि त्यांनी थर चढवला. म्हणजे येत होतं त्यांना! तिन्ही भिंती पडल्या तेव्हा पारावर बसून होते, आणि या एका कामाला पाचांच्याही कमरा वाकल्या. सारं गाव उभं राहून बघत होतं. गाव का हललं नाही, याचं उत्तर बायांनीही मला कधी दिलेलं नाही.

माती गळ्याशी आली तेव्हा भिवरा एवढंच बोलली, म्हणे. "पाटील, काड कमी पडलं."

भिंत पुरी झाली. पेंढारी मात्र पुन्हा कधी आलेच नाहीत.

बारा वर्षं गेली. पाटलानं नवं घर काढलं आणि त्याची भिंत दोनदा पडली. बाकीच्या बायांनी त्या दिवसानंतर खड्ड्यात पाय ठेवला नव्हता, गारा नीट जमवणारी आता गावात एकच होती, सोनी. पाटलाचे मुलगे तिच्या दारात गेले. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. कुदळ घेऊन गावकुसाकडे गेली, मधोमध भिंत फोडली, आईची हाडं ओटीत घेतली आणि पांढरीच्या टेकडीत पुरून आली. आता भिंत पडणार म्हणून गाव श्वास रोखून बसलं. एक पावसाळा गेला. दुसरा गेला. बळी काढून नेला आणि भिंत जशीच्या तशी.

मग सोनी पाटलाच्या अंगणात आली. "पायावर उभे ऱ्हावा, पाटील."

"मी? कशाला?"

"भिंतीला मानूस लागतं म्हनाला व्हता न्हवं?"

पाटलानं मुलांकडे पाहिलं. मुलं हाताची घडी घालून उभी होती. पाटील उभा राहिला. सोनीनं त्याच्याभोवती पोटऱ्यांपर्यंत गारा लावला आणि समोर बसली.

"माती किती दिस भिजली?"

"एकवीस."

"आत कोन लागतं?"

पाटलानं तोंड फिरवलं. ऊन डोक्यावर आलं. गारा सुकताना आवळतो, पोटऱ्यांची कातडी ओढतो. सोनी जागची उठली नाही. ऊन कललं. नातवंडं जेवून परत येऊन बसली. तेव्हा म्हातारा पुटपुटला, "कोनी न्हाई."

"मोठ्यानं. समद्या गावाला ऐकू जाऊ द्या."

"कोनी न्हाई लागत!"

सोनीनं त्याला ओढून बाहेर काढलं आणि त्याचं घर बांधून दिलं. का दिलं, असं बायांनी विचारलं तर म्हणाली, "माझ्या आईची माती हाय. ती कुनाच्याबी घरी पडनार न्हाई."

आजही तळगव्हाणात कोणी घर काढलं की त्या घरातला सगळ्यात मोठा पुरुष पहिल्या थरात उभा राहतो. पोटऱ्यांपर्यंत गारा चढतो आणि बाया समोर बसून तेच दोन प्रश्न विचारतात. आमच्या म्हाताऱ्यांना ती गंमत वाटते, शेवटी गूळ-खोबरं मिळतं म्हणून हसत उभे राहतात. गेल्या साली वामनतात्यांचं घर होतं. दुसऱ्या प्रश्नाला तात्यांनी डोळे मिटले, हात जोडले आणि मोठ्या भक्तिभावानं म्हणाले, "भिवराआई."

बाया उठल्या आणि घरी जेवायला निघून गेल्या.

तात्या कलत्या उन्हापर्यंत उभे होते. बाया परत आल्या, पुन्हा बसल्या, पुन्हा विचारलं.

"माती किती दिस भिजली?"

"एकवीस."

"आत कोन?"

"कोनी न्हाई."

तेव्हा कुठे तात्यांना बाहेर काढलं, आणि दुसऱ्या दिवशी दुसरी वीत चढली.