टिपकीचा उन्हाचा घास

एक होती खाडी. खाडीत राहायची टिपकी, पाण्यातल्या शेवाळाचा एक कण. हिरवी हिरवी, गोल गोल. इतकी लहान, की मोहरीच्या दाण्यात तिचं अख्खं गाव मावेल. टिपकी भात खायची नाही, भाकरी खायची नाही. टिपकी ऊन खायची. रोज एक घास.

एकदा मोठी भरती आली. खळखळ खळखळ. तळाचा गाळ उठला. पाणी झालं चहासारखं. टिपकीचा उन्हाचा घास हरवला.

टिपकी पडली फिकी. ते पाहून इवल्या कोळंबीसारखा जवळा हसला. म्हणाला, "एवढ्याशा ठिपक्याला कसली आलीय भूक?" स्वतः केवढा, तर मांजराच्या मिशीएवढा.

टिपकी निघाली. टिपूक टिपूक, टिपूक टिपूक. वर पाण्यावर ऊनदादा लोळत होता.

"ऊनदादा ऊनदादा, खाली ये ना.
ऊनदादा येईना,
टिपकीला घास मिळेना."

ऊनदादा म्हणाला, "गाळोबा बसल्याशिवाय मी येणार नाही." अंगाला चिखल लागतो म्हणे. शिष्ट कुठला.

टिपकी गेली गाळोबाकडे. टिपूक टिपूक, टिपूक टिपूक. गाळोबा फिरत होता गरगर.

"गाळोबा गाळोबा, खाली बस ना.
गाळोबा बसेना,
ऊनदादा येईना,
टिपकीला घास मिळेना."

गाळोबा म्हणाला, "भरतीमावशी शांत झाल्याशिवाय मी बसणार नाही." काम ना धाम, नुसता गरगर फिरतो, आणि ऐट केवढी.

टिपकी गेली भरतीमावशीकडे. टिपूक टिपूक, टिपूक टिपूक. भरतीमावशी धावत होती खळखळ.

"भरतीमावशी भरतीमावशी, शांत हो ना.
भरतीमावशी शांत होईना,
गाळोबा बसेना,
ऊनदादा येईना,
टिपकीला घास मिळेना."

भरतीमावशी म्हणाली, "चांदोबा बारीक झाल्याशिवाय मी शांत होणार नाही. तोच ओढतो मला." एवढी मोठी बाई, आणि दुसऱ्यावर ढकलते.

संध्याकाळ झाली. चांदोबा उगवला. गोल गरगरीत, पुरीसारखा फुगलेला. खाली पाण्यात स्वतःचंच तोंड बघत बसला. टिपकी गेली त्याच्याकडे. टिपूक टिपूक, टिपूक टिपूक.

"चांदोबा चांदोबा, बारीक हो ना.
चांदोबा बारीक होईना,
भरतीमावशी शांत होईना,
गाळोबा बसेना,
ऊनदादा येईना,
टिपकीला घास मिळेना."

चांदोबा म्हणाला, "मी आणि बारीक? जानकाबाय मला बघितल्याशिवाय जाळ्याला हात लावत नाही. तिने पाठ फिरवल्याशिवाय मी बारीक होणार नाही."

जानकाबाय कोळीण गुडघाभर पाण्यात उभी होती. रिकामी टोपली धूत होती. टिपकी गेली तिच्याकडे. टिपूक टिपूक, टिपूक टिपूक.

"जानकाबाय जानकाबाय, पाठ फिरव ना.
जानकाबाय पाठ फिरवेना,
चांदोबा बारीक होईना,
भरतीमावशी शांत होईना,
गाळोबा बसेना,
ऊनदादा येईना,
टिपकीला घास मिळेना."

जानकाबाय हसली नाही. ती म्हणाली, "तू नाय तर जवळा नाय. जवळा नाय तर माझी टोपली रिकामी. ही बघ बाय, फिरवली पाठ."

आणि फिरवली की. रोज चांदोबाकडे बघून जाळं उचलायची. आता बघेचना.

चांदोबा रुसला. रुसला आणि झुरला. एक दिवस कड गेली. एक दिवस गाल गेला. अष्टमीला बघावं, तर अर्धी भाकरी.

चांदोबा बारीक झाला,
भरतीमावशी शांत झाली,
गाळोबा बसला,
ऊनदादा आला,
टिपकीला घास मिळाला.

टिपकीने घास खाल्ला, गट्टम. एकीच्या झाल्या दोघी. दोघींच्या चौघी. चौघींच्या आठ. बघता बघता खाडी हिरवीगार.

मग आला जवळा, मिशी पाडून. म्हणाला, "टिपकीताई, जरासं हिरवं मिळेल का?"

टिपकी म्हणाली, "मिळेल. आधी सांग, एवढ्याशा ठिपक्याला कसली आलीय भूक?"

जवळा खाली मान घालून खात राहिला. खाऊन खाऊन झाला गुबगुबीत. जानकाबायने जाळं टाकलं. टोपली काठोकाठ भरली. आता चांदोबाकडे बघायला तिला वेळ आहे कुठे.

भरतीला आली गोष्ट, ओहोटीला गेली गोष्ट. टिपकीला जो हसला, त्याच्या तोंडात गाळ.