चाळीस काळे झेंडे

ओढ्याकाठच्या एका गावात कौतिका नावाची शिंपीण राहत होती. तिचं माप कधी चुकलं नाही, आणि त्याचा ताठाही होता तिला! माप घेतल्याशिवाय ती कापडाला कात्री लावत नसे, मग गिऱ्हाईक कोणी का असेना.

एक दिवस सरपंच दगडूआबा काळ्या कापडाचा तागा घेऊन आले. "कौतिके, पंधरा दिवसांनी आमदार येतायत. चाळीस झेंडे शिव. आपल्या पुलासाठी त्यांनी विधानसभेत तोंडसुद्धा उघडलं नाही. वेशीवरूनच माघारी धाडू."

पूल नव्हता म्हणून गेल्या पावसाळ्यात कौतिकेच्या बाळंतीण लेकीला खाटेवर घालून कमरेएवढ्या पाण्यातून न्यावं लागलं होतं. राग तिलाही होताच. तरी तिनं विचारलं, "तोंड उघडलं नाही, हे पाहिलं कोणी?"

"सगळा गाव म्हणतोय."

"म्हणतोय ते मीही ऐकलं. पाहिलं कोणी?"

आबा फणकाऱ्यानं निघून गेले. कौतिकेनं मोबाइल काढला. आमदारांनी विचारलेले प्रश्न विधानसभेच्या वेबसाइटवर असतात, एवढं तिला ठाऊक होतं. चष्मा पुसत, अडखळत तिनं ते शोधलेच. पुलाचा प्रश्न आमदारांनी दोनदा विचारला होता. खाली उत्तरही होतं: ग्रामसभेचा ठराव आलेला नाही, म्हणून काम अडलं आहे.

ठराव येणार कुठून? ग्रामसभेला जायचं, वहीत सही ठोकायची, चहा प्यायचा आणि घर गाठायचं, ही त्या गावची रीत. कौतिकाही तेच करायची. वाचता वाचता तिचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी ती कोरा तागा घेऊन पारावर गेली आणि तिनं सगळं वाचून दाखवलं. लोक खवळले. "आमदाराची वकिली करतेस होय? यापुढे तुझ्याकडं काज-बटण करायलाही कोणी येणार नाही."

"नका येऊ," कौतिका ताठ मानेनं म्हणाली. "पण झेंडे लावायचेच तर पहिला माझ्या दारावर लावा. मीही सही करून पळालेय."

आबांनी मोबाइल घेऊन स्वतः दोनदा वाचलं. मग ग्रामसभा बोलावली. ठराव होईपर्यंत त्या दिवशी एक माणूस जागचा हलला नाही.

आमदार आले. वेशीवर झेंडे नव्हते, हारही नव्हते. आबांनी त्यांच्या हातात ठराव ठेवला. "आमचं काम आम्ही केलं, साहेब. आता तुमचं करा. काय करताय ते आम्ही वाचत असतो बरं का."

मागे उभ्या असलेल्या कौतिकेचा ऊर भरून आला. आपल्या गावाचा एवढा अभिमान तिला कधीच वाटला नव्हता.

तात्पर्य: आपण निवडून दिलेला माणूस काय करतो, हे ऐकीव गोष्टींवर सोडू नये, स्वतः वाचावं; म्हणजे त्याचं काम कळतं आणि आपलं कुठं राहिलंय तेही कळतं.