लहान पॉवर सप्लायचा नकार

आपल्याला झेपत नाही हे सांगायला किती धीर लागतो, ठाऊक आहे का मुलांनो?

एकदा शर्वरीने गेम खेळायला कॉम्प्युटर जोडला. पडद्यावर चित्रे उमटवणारे ग्राफिक्स कार्ड भलेमोठे आणले, सगळ्या भागांना वीज पुरवणारा पॉवर सप्लाय मात्र हाताशी होता तो लहानसाच बसवला. खेळ रंगला की कार्ड म्हणे, "काय रे, दमलास एवढ्यात? अजून वीज दे की."

बिचारा पॉवर सप्लाय तापून जाई, तरी म्हणे, "देतो, दादा."

शेवटी कॉम्प्युटरच्या आतल्या पंख्याला राहवेना. "बाळा, तू जळलास तर आम्हीही जळू. नाही म्हण."

"दादा, एवढी वीज माझ्याकडे नाही," असे म्हणून त्याने ऐन खेळात सगळा कॉम्प्युटर बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शर्वरीने मोठा पॉवर सप्लाय आणला आणि लहानग्याला आजोबांच्या पत्ते खेळायच्या कॉम्प्युटरमध्ये बसवले.